खंडेनवमीनंतरचा पाठ

आश्विन शुद्ध नवमीला भीमेच्या दोन्ही तीरांवरची यंत्रे काही घटका विसावतात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतला पॉवर प्रेस असो, सणसवाडी-शिक्रापूरच्या वर्कशॉपमधला लेथ असो, कुरकुंभच्या रसायन कारखान्यातला रिअ‍ॅक्टर असो, की केडगावाकडच्या गुऱ्हाळातला चरक असो. त्या दिवशी त्यावरचे तेल-वंगण पुसले जाते, हळद-कुंकू लागते, झेंडूची माळ चढते, नारळ फुटतो आणि एरवी घाईघाईने त्याच्यापाशी धावणारी माणसे क्षणभर हात जोडून त्याच्यासमोर उभी राहतात. दौंडच्या रेल्वे जंक्शनात आणि राखीव पोलिसांच्या तळावरही हत्यारे-अवजारे अशीच पुजली जातात. पेढा वाटला जातो, फोटो काढले जातात, आणि पुढच्या पाळीचा भोंगा होईपर्यंत कारखाना घरासारखा भासतो.

ही रीत आपल्याला कोणी शिकवावी लागली नाही. शेतकऱ्याने नांगराला, लोहाराने ऐरणीला, सुताराने रंध्याला नमस्कार करावा, हे आपण जन्मल्यापासून पाहत आलो. ज्याच्यावर पोट चालते त्याचे ऋण मानावे आणि ज्याच्यात इजा करण्याचेही बळ आहे त्याच्याशी जपून वागावे, ही दोन्ही भाने त्या एका नमस्कारात सामावलेली असतात. दुसऱ्या दिवशी दसरा. त्या दिवशी लेकरे पाटीवर सरस्वती काढतात, वह्या-पुस्तकांवर आपट्याचे सोने ठेवतात. हत्याराची पूजा आणि विद्येची पूजा आपल्या पूर्वजांनी अशी एकीला लागून एक ठेवली. या दोन दिवसांच्या सांध्यावर उभे राहून आपण वर्षातून एकदा तरी स्वतःला विचारायला हवे, की यंत्रापाशी राबणाऱ्या मोठ्या माणसाला ते यंत्र जपून कसे चालवावे हे शिकवणार कोण, आणि तसे शिकवण्याची पात्रता त्याने मिळवायची कुठून?

शिरूर आणि दौंड या तालुक्यांना हा प्रश्न अधिक जवळचा आहे. एका पिढीच्या आत इथले शिवार बदलले. ज्वारी-बाजरीच्या आणि उसाच्या रानांशेजारी पत्र्याच्या उंच शेड उभ्या राहिल्या, नगर रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर कामगारांच्या बसगाड्यांची रांग लागू लागली, आणि ज्यांच्या घरात कोणी कधी पाळीचे काम केले नव्हते अशी हजारो मुले-मुली ओळखपत्र गळ्यात घालून फाटकातून आत गेली. त्यांच्यासोबत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले सोबतीही आहेत. बैल मारका आहे की गरीब, हे त्याच्या कानांवरून आणि शेपटीवरून ओळखणाऱ्या घरातला मुलगा जेव्हा पहिल्यांदा प्रेससमोर उभा राहतो, तेव्हा त्या यंत्राची नजर वाचण्याची कला त्याला वडिलांकडून मिळालेली नसते. शेतीतला धोका पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. कारखान्यातला धोका कोणीतरी मुद्दाम शिकवावा लागतो.

आज तो शिकवला जातो, नाही असे नाही. मोठ्या कारखान्यांतून नव्या कामगाराचा पहिला दिवस प्रशिक्षणाच्या खोलीत जातो. ४ मार्चला सुरक्षा दिन साजरा होतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा दिवस. त्या सकाळी हात पुढे करून शपथ घेतली जाते, घोषवाक्यांच्या आणि चित्रांच्या स्पर्धा होतात. या साऱ्याचे मोल आपण कमी मानू नये. पण पडद्यावर चित्रे पाहून हजेरीपटावर सही केलेला माणूस दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या सांगण्यावरून भलत्याच यंत्रावर उभा राहतो, उत्पादनाची संख्या गाठण्यासाठी कोणीतरी यंत्राचा गार्ड काढून ठेवलेला असतो, सेन्सरवर चिकटपट्टी लावलेली असते, आणि तो नवखा मनुष्य हीच इथली पद्धत असेल असे समजून कामाला लागतो. तेव्हा ती सही त्याच्या बोटांचे रक्षण करू शकत नाही. त्याचे रक्षण करते ती त्याच्या मनात उतरलेली शिकवण, आणि हे मी करणार नाही असे म्हणण्याचे त्याला मिळालेले बळ.

या बळाची मागणी आपल्या मातीत फार जुनी आहे. मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कनेरसरचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्यांबरोबर आणखी एक मागणी त्यात होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन मिळावे, आणि जो कायमचा जायबंदी झाला त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. साप्ताहिक सुटी १८९० च्या जूनमध्ये पदरात पडली आणि रविवार आपल्या घरात आला. इजा झाल्यावर काय, याचा विचार आपल्या जिल्ह्याच्या या सुपुत्राने तेव्हा केला. इजा होऊच नये म्हणून काय, हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा, आणि तिथे शिक्षकावाचून गत्यंतर नाही.

कायद्याला हे कळायला मात्र एक भयंकर रात्र यावी लागली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू गळला आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, सुरक्षा समितीत कामगारांना मालकांच्या बरोबरीने जागा मिळाली, आणि कलम १११-अ ने कामगाराला एक नवा हक्क दिला: आपल्या कामातल्या धोक्यांची माहिती मागण्याचा, आणि आरोग्य-सुरक्षिततेचे प्रशिक्षण कारखान्यात किंवा मान्यताप्राप्त संस्थेत घेण्याचा. प्रशिक्षण ही मालकाने केलेली मेहेरबानी राहिली नाही, कामगाराचे मागणे झाले. ज्या मागण्याला हक्काचे रूप आले, ते पुरे करणारी माणसेही तयार करावी लागतात. तिथे आपण कमी पडलो, हे या नवमीला मोकळेपणाने मान्य करायला हवे.

आता श्रमविषयक कायद्यांची जागा चार संहितांनी घेतली आहे. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थितीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जिथे पूर्वी हजार कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी बंधनकारक होता, तिथे आता ५०० कामगारांना तो हवा, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० कामगारांना. कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतीसाठी हा बदल महत्त्वाचा आहे. सुरक्षा अधिकाऱ्यांची गरज वाढणार, म्हणजे त्या कामाची पात्रता मिळवणाऱ्या तरुणांसाठी दारे उघडणार. शिरूर-दौंडच्या आयटीआयमधून आणि तंत्रनिकेतनांमधून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी या वाटेकडे डोळसपणे पाहावे.

ही वाट सोपी नाही, आणि ती सोपी नसणेच योग्य आहे. सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेचे जे नियम वर्षानुवर्षे चालत आले, त्यांत अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका तर आहेच, पण त्या जोडीला कारखान्यातल्या देखरेखीच्या कामाचा अनुभव मागितला आहे: पदवीधराला किमान २ वर्षांचा, पदविकाधारकाला ५ वर्षांचा. त्यानंतर औद्योगिक सुरक्षेची पदविका. महाराष्ट्रात राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा वर्षभराचा प्रगत अभ्यासक्रम आहे, मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतही तो चालतो. त्यात आगीचे शास्त्र येते, विजेचे धोके येतात, रसायनांचे गुणधर्म, यंत्रांची कवचे, व्यवसायजन्य आजार, अपघातांची चौकशी आणि कायदा येतो. आणि या साऱ्यानंतर नियमात एक अट अशी आहे, जिच्यापाशी आपण थबकून उभे राहावे: त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला पुरेशी आली पाहिजे.

नियम लिहिणाऱ्यांनी इथे मोठी समज दाखवली. ज्याला यंत्र कळते पण कामगाराशी बोलता येत नाही, तो शिकवू शकणार नाही. आणि ज्याने स्वतः पाळीत घाम गाळला नाही, त्याचे बोलणे कामगाराच्या कानावरून जाईल. आजचा पेच असा, की नियम मागतो ती भाषा येणारे पुष्कळ आहेत, तरी प्रशिक्षणाच्या पडद्यावरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो, आणि रसायनाच्या पिंपावरची धोक्याची सूचनाही त्याच भाषेत. ज्याने ते पिंप उचलायचे, उघडायचे आणि ओतायचे, त्याच्यापर्यंत ती सूचना पोहोचतच नाही. परमिट, इंटरलॉक, अर्थिंग, लोटो (यंत्र बंद करून कुलूप आणि पाटी लावणे) हे शब्द कामगाराने आपलेसे केले आहेत. ते बदलण्याचे कारण नाही. पण पिंपातून ज्वालाग्राही द्रव ओतण्याआधी अर्थिंगची क्लिप का लावायची, वाहत्या द्रवातून स्थिर वीज कशी साठते आणि एका ठिणगीने काय होऊ शकते, हे त्याला त्याच्या बोलीतच सांगावे लागेल. आणि शेजारी बिहारचा सोबती असेल तर हिंदीतही.

मोठ्या माणसांना शिकवणे हे लहानांना शिकवण्याहून वेगळे आहे. प्रौढ विद्यार्थी रिकाम्या हाताने येत नाही. तो अनुभवाची शिदोरी घेऊन येतो, आणि ती उघडू न देता आपण त्याच्या ताटात नवे वाढू लागलो, तर तो आदराने मान डोलावतो आणि उठून जातो. कारखान्यातल्या बंद टाकीत उतरण्याचा धडा घ्या. सांडपाण्याच्या किंवा मळीच्या टाकीत पहिला माणूस उतरतो आणि कोसळतो, त्याला काढायला दुसरा धावतो, मग तिसरा. अशा एकामागून एक मृत्यूच्या बातम्या आपण कितीदा वाचल्या. शिकवणाऱ्याने आधी विचारावे, की जुन्या काळी पेवात किंवा खोल विहिरीत उतरण्याआधी आजोबा काय करत होते. वर्गातला एखादा पन्नाशीचा हेल्पर सांगेल, की कंदील दोरीने आत सोडत आणि तो विझला तर उतरत नसत. मग वर्ग जागा होतो. आपल्या पूर्वजांना आत प्राणवायू आहे की नाही हे तपासण्याची गरज कळली होती, हे त्या क्षणी सर्वांच्या ध्यानात येते.

आणि तिथूनच खरी शिकवण सुरू होते. कंदील प्राणवायूचा अभाव सांगेल, पण विषारी वायू सांगणार नाही. आणि टाकीत ज्वालाग्राही वाफ असेल तर तो कंदीलच स्फोटाला कारण होईल. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली गेला की आत पाऊल टाकायचे नाही, आणि ते मीटर दाखवेल, नाक दाखवणार नाही. सडक्या अंड्याच्या वासाचा वायू प्रमाणाबाहेर वाढला की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो, आणि वास गेला म्हणजे धोका टळला असे मानणारा माणूस आत उतरतो. म्हणून आधी हवा खेळवायची, मग मीटरने तपासायचे, लेखी परमिट घ्यायचे, कमरेला दोर बांधायचा, वर एक माणूस सतत उभा ठेवायचा, आणि आतला कोसळला तरी साधनावाचून मागोमाग उडी घ्यायची नाही. ही शेवटची गोष्ट सांगणे सर्वांत कठीण, कारण सोबत्यासाठी धावून जाणे हा आपला धर्म आहे. त्या धर्माला योग्य रीत देणे, हे शिक्षकाचे काम. इतके नाजूक काम ज्याच्या हाती द्यायचे, त्याची पात्रता एका प्रमाणपत्रावर मोजता येणार नाही. पण प्रमाणपत्रामागे जे शास्त्र आहे त्यावाचूनही ते काम होणार नाही. शास्त्र आणि जिव्हाळा दोन्ही त्याच्या ठायी हवेत.

असे शिक्षण आपल्या तालुक्याला परके नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम उभा केला. मुंबईतली संशोधनाची मोठी नोकरी सोडून हे शास्त्रज्ञ अवर्षणाच्या गावी येऊन राहिले, आणि हाताने काम करता करताच माणूस उत्तम शिकतो, या श्रद्धेने त्यांनी शाळेबाहेर पडलेल्या मुलांच्या हाती वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज आणि शेतीची कामे दिली. त्याहीआधी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली होती. दिवसभर कष्ट करून आलेल्या मोठ्या माणसाला सन्मानाने समोर बसवून शिकवण्याची परंपरा अशी आपल्याच जिल्ह्यातली आहे. सुरक्षिततेच्या शिक्षकाने ती पुढे न्यायची आहे.

आणि तिला सर्वांत आधी न्यायचे आहे, ते जिथे कायद्याचा हात पोहोचत नाही तिथे. दौंड तालुक्यातल्या केडगाव-यवत पट्ट्यात गुऱ्हाळांची धुराडी दिसतात. चरकात ऊस सारणाऱ्याचा हात रोलरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो, कमरेला सैल गुंडाळलेला गमछा पट्ट्याजवळ लोंबत असतो, काहिलीतला रस खदखदत असतो, आणि चुलवणात चिपाडे ढकलणारा माणूस जाळासमोर तासन्‌तास वाकलेला असतो. तिथेच चिपाडांच्या ढिगाजवळ त्याची लेकरे खेळतात. पुष्कळ गुऱ्हाळांत १५-२० माणसे. नव्या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० ऐवजी २० कामगारांवर नेली. त्यामुळे अशी किती ठिकाणे कारखान्याच्या व्याख्येबाहेर राहतील, याची आपल्याला चिंता वाटली पाहिजे. ज्याला अधिकारी मिळणार नाही, त्याला निदान शिक्षक मिळावा. चरकाला गार्ड लावा, हाताने नव्हे तर लाकडी पाटावरून ऊस सरकवा, चरकाजवळ सैल कपडा नको, काहिलीभोवती कठडा हवा, भाजल्यावर शाई-टूथपेस्ट न लावता वाहते गार पाणी धरा; इतके चार दिवसांत शिकवता येते. शिकवणारा मात्र गुऱ्हाळाच्या बांधावर उकिडवा बसून बोलणारा हवा.

असे शिक्षक आपल्यातच आहेत. ३० वर्षे रेल्वेत काढून दौंडला निवृत्त झालेला गँगमन किंवा फिटर, गाडी येण्याआधी रुळावरून केव्हा हटायचे हे ज्याच्या अंगात भिनले आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरवर हयात घालवलेला अटेंडंट, ज्याला वाफेच्या आवाजावरून बिघाड कळतो. रांजणगावच्या जुळणी विभागात दहा-बारा वर्षे काम केलेली ताई, जिने नव्या मुलींना वेणी टोपीत कशी बांधावी आणि ओढणी, बांगड्या, मंगळसूत्र यंत्रापासून कसे दूर ठेवावे, हे कोणी न सांगता शिकवले. पुणे जिल्ह्यातच, मुळशीच्या उरवड्यात, ७ जून २०२१ रोजी एका कारखान्याला आग लागली, आणि पंधराहून अधिक कामगार दगावले. त्यांत बहुतेक बायका होत्या. बाहेर पडण्याची वाट प्रत्येकीला ठाऊक असणे किती मोलाचे, हे अशा वेळी कळते. आणि ती वाट बाईने बाईला दाखवली तर शंका विचारायला संकोच उरत नाही. या सगळ्यांच्या अनुभवाला शास्त्राची आणि शिकवण्याच्या पद्धतीची जोड द्यायची, परीक्षा घ्यायची, आणि मग मानाने त्यांना वर्गासमोर उभे करायचे. आयटीआयच्या निदेशकांना शिकवावे कसे, याचे वेगळे प्रशिक्षण मिळतेच. त्याच धर्तीवर आपल्या तालुक्यांत कामगारांमधून शिक्षक घडवता येतील.

त्यासाठी प्रत्येकाच्या वाट्याला काही कर्तव्य आहे. मालकाने या दसऱ्याला आपल्या कारखान्यातली दोन जाणती माणसे, त्यांतली एक स्त्री, निवडावी आणि पगारी रजा देऊन त्यांना प्रशिक्षणाला पाठवावे. ठेकेदाराने आपल्या माणसाला शिकवल्याशिवाय यंत्रावर चढवू नये, आणि शिकण्याच्या वेळेचे पैसे कापू नयेत. सुरक्षा समितीतल्या कामगार प्रतिनिधीने चहापाण्यापुरते बसू नये. शिकवणी झाली का, कोणत्या भाषेत झाली, कोणाला कळली, हे विचारावे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने आणि आयटीआयने मिळून संध्याकाळचे वर्ग चालवावेत, पाळीच्या वेळा सांभाळून. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या गुऱ्हाळांना आणि लहान वर्कशॉपना त्या वर्गाची वेळ कळवावी. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी, मुलगा किंवा सून कामावरून आली की पगाराआधी एकदा तरी विचारावे, की बाई, बाबा, तुझ्या यंत्राला गार्ड आहे ना?

ही कामे खर्चाची कमी आणि मनाची जास्त आहेत. शिकवणाऱ्याला पगार हवा, प्रतिष्ठा हवी, आणि शिकवण्यात चूक झाली तर तिची किंमत दुसऱ्याच्या देहाने मोजली जाते, हे भान हवे. ते भान ज्याच्यापाशी आहे अशा माणसाला शोधून, त्याला शास्त्र शिकवून, त्याच्या हाती वर्ग सोपवणे हे आपल्या पिढीचे काम आहे. ज्या दोन तालुक्यांनी देशाला साखर, गूळ, मोटारी आणि औषधांचा कच्चा माल दिला, त्यांनी आता कामाच्या जागी माणूस जपायला शिकवणारे शिक्षकही घडवावेत. त्यांचा पहिला वर्ग याच वर्षी, आपल्याच गावात, आपल्याच भाषेत सुरू व्हायला हवा.